पदवीधर भालदार

मराठी घरात कुणी नट व्हायची इच्छा बोलून दाखवली की पहिला सल्ला ठरलेला असतो : "आधी डिग्री घे, मग काय ती नाटकं कर." मुलगी आज्ञाधारक निघाली आणि तिने नाटकाच्याच डिग्रीचा फॉर्म आणला, तर पुढचा प्रश्नही तितकाच ठरलेला : "त्याला कशाला हवी डिग्री?" ही दोन वाक्ये एकाच तोंडातून, एकाच कप चहात येतात आणि बोलणाऱ्याला काही खटकत नाही. कारण नटाला कोणती पदवी शोभते हे आपल्याकडे केव्हाच ठरले आहे. ती वैद्यकीय. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. घसा, दात आणि मन : नटाचे सगळे भांडवल आपण आधीच डॉक्टरांच्या स्वाधीन करून ठेवले आहे. त्यामुळे 'नटसम्राट' करायचा तर अगोदर एमबीबीएस, हा क्रम पालकांच्या डोक्यात पक्का. माझे म्हणणे एवढेच, की नाट्यशास्त्राची पदवी अगदीच वाया जात नाही. ती नट घडवते असे मी म्हणत नाही. ती देणारी शहाणी माणसेही तसे म्हणत नाहीत. ती देते फक्त एक गोष्ट : दोन-तीन वर्षे वाईट अभिनय करण्याची अधिकृत सवलत. आणि नट होऊ पाहणाऱ्याची पहिली गरज नेमकी तीच असते.

ही सवलत सहज मिळत नाही. पुणे विद्यापीठात १९८७पासून ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात २००३पासून अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. आणि या वारीची पंढरी म्हणजे १९५९मध्ये सुरू झालेले दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. जे येत नाही ते शिकायला माणूस शाळेत जातो, अशी आपली भाबडी समजूत. दिल्लीच्या विद्यालयात अर्ज करतानाच नाटकांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. पोहता येते हे सिद्ध करा, मग तलावात सोडतो, अशातला हा प्रकार. शिवाय अर्जाला पदवी लागते आणि तीन वर्षे घाम गाळून हाती पडते ती पदविका. प्रवेश चाचणीचेही तसेच. एकवीस वर्षांचा उमेदवार घरून 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकर पाठ करून येतो आणि पोटच्या पोरांमुळे बेघर झालेला म्हातारा होऊन टाहो फोडतो. परीक्षक शांतपणे सांगतात, "छान. आता हेच भाजी निवडता निवडता बोला." उमेदवार गडबडतो आणि बाहेर येऊन म्हणतो, वशिला हवा. वास्तविक त्याला किती येते हे कुणी पाहतच नव्हते. आलेले सोडता येते का, एवढेच पाहत होते. अर्थात परीक्षकही चुकतात. मनोज वाजपेयींना दिल्लीच्या या विद्यालयाने एकदा नव्हे, अनेकदा नाकारले. तरी ते नट झाले. पण नकार मिळाला म्हणून नट झाले असे मानून कुणी घरी बसू नये.

आत गेल्यावर काय शिकवतात, हे ऐकून फी भरणाऱ्या वडिलांना घेरी येते. पहिल्या सहामाहीत श्वास घ्यायला शिकवतात. मग उभे राहायला. मग चालायला. जे पोरीने वर्षाची व्हायच्या आत फुकट शिकून घेतले, त्याचे आता सत्राचे शुल्क. पुढे मांजर होणे, न लागता पडणे, समोर नसलेल्या माणसाशी भांडणे. आणि उरल्या वेळात विंगेत लाइट बांधणे, फ्लॅट ठोकणे, रंगमंच झाडणे. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. घरच्यांना यांतले झाडणेच तेवढे दिसते. पण जरा विचार करा. विशीतला मुलगा येतो तो कोऱ्या पाटीसारखा येत नाही. मालिकेतली मान वळवण्याची ढब, स्नेहसंमेलनातला हुंदका, कुणा लाडक्या नटाचा घोगरा आवाज, एवढी उसनवारी अंगावर घेऊन येतो. ती उतरवताना तो काही काळ पूर्वीपेक्षाही वाईट दिसतो. हा काळ कुठे काढायचा? व्यावसायिक नाटकाचा निर्माता तिकिटाच्या पैशांत तो सोसणार नाही. मालिकेत वाईट अभिनयाला भरपूर वाव आहे हे खरे, पण तिथे तो त्याच आठवड्यात प्रक्षेपित होतो.

यावर हुकमी आक्षेप येतो : नट जन्मावा लागतो, बालगंधर्व कुठल्या विद्यापीठात गेले होते? गेले होते की! १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, आणि तिथे गोविंद बल्लाळ देवलांसारखे तालीममास्तर होते. दीनानाथ मंगेशकर गोव्याहून कोवळ्या वयात त्याच कंपनीत आले. कंपनी म्हणजे भोजनासह निवासी विद्यापीठच. पोराने आधी पडद्यामागे उभे राहायचे, मग भालदार-चोपदार होऊन पडद्यापुढे, आणि राजाकडे बघत बघत राजा कसा चुकतो ते शिकायचे. हातात भाला घेऊन गप्प उभे राहणे हा त्या विद्यापीठाचा पायाभूत अभ्यासक्रम. बोलपट आले, कंपन्या मोडल्या आणि भालदाराची जागाच गेली. डॉक्टर लागूंनाही पुण्यात भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेची सोबत होती, निळू फुल्यांना सेवादलाचे कलापथक. उपजत म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्या प्रत्येकाच्या मागे अशी एक बिनपाटीची शाळा निघते. गाणे गळ्यातच असावे लागते असे म्हणणारा समाज गवयाला विचारतो, तालीम कुणाकडे झाली? नटाला मात्र विचारतो, ओळख कुणाची आहे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : कलेला गुण कसे देणार? करुण रस दहापैकी साडेसहा, हे हास्यरसाचेच उदाहरण नव्हे का? आहे, हे मी निमूट मान्य करतो. हजेरी, अंतर्गत मूल्यमापन आणि एटीकेटी यांच्या तावडीत सापडलेला नवरस पाहवत नाही. पण हाच समाज १९६३पासून महाविद्यालयीन एकांकिकांच्या 'पुरुषोत्तम करंडक'च्या निकालावर तावातावाने भांडत आला आहे. गुणांचे वावडे त्याला तेव्हा नसते. आणि या शिक्षणाचा आरंभच कुठे सुरळीत होता? नाट्यशास्त्रातली कथा पाहा. भरतमुनींनी पहिली तुकडी घेतली ती आपल्याच शंभर मुलांची. म्हणजे सगळे प्रवेश घरच्या कोट्यातून. अभ्यासक्रम सुरू झाला, पण इमारत नव्हती. पहिल्याच प्रयोगात असुरांनी गोंधळ घातला, तेव्हा कुठे विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतले गेले. पुढे या पदवीधरांनी ऋषींची नक्कल केली आणि ऋषींनी शाप दिला. जागेची अडचण, प्रयोगात व्यत्यय, दुखावलेल्या भावना : आजच्या विभागप्रमुखाला यात नवे काय वाटणार?

राहता राहिला शेवटचा प्रश्न : नोकरीचे काय? इथे पदवीने खोटे बोलू नये, आणि ती बोलतही नाही. नाट्यशास्त्र विभागाच्या दाराशी कंपन्या रांग लावत नाहीत. पदवीधर मुलगी बाहेर पडते आणि पहिल्या नाटकात तिला दोन वाक्ये मिळतात. म्हणजे फिरून भालदारच. फरक इतकाच की भाला कसा धरायचा, मुख्य नट बोलत असताना तो का हलवायचा नाही आणि आपण गप्प असताना रंगमंचावर काय चालते, हे तिला ठाऊक असते. तेवढ्यासाठी दोन-तीन वर्षे जास्त वाटत असतील, तर शेजारच्या घरी चार वर्षांच्या इंजिनिअरिंगनंतर काय चालले आहे ते सवडीने विचारून यावे. विद्यापीठ श्वास शिकवील, पडायला शिकवील, उठायलाही शिकवील. एक गोष्ट मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात बसत नाही : समोरच्या खुर्चीतला माणूस. तो आपल्याला व्हायचे आहे. ओळखीतल्या कुणा मुलीने असा फॉर्म भरला, तर पुढे काय म्हणून तिला छळू नका. तिचा प्रयोग लागला की तिकीट काढा. पास मागू नका.