पावणेचार चोक पंधरा

प्रत्येक वसाहतीत असा एक गृहस्थ असतो, की ज्याच्या घरी लोक आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयी एखादी साधी शंका घेऊन जातात आणि परतताना चार नव्या शंका पदरात बांधून आणतात. मध्य न्यू जर्सीत, एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत पसरलेल्या मराठी वस्तीत, या गृहस्थाला आम्ही दप्तरदार म्हणतो. हे त्याचे आडनाव नव्हे. आडनाव काहीही असू शकते, आणि एकाच गावात एकाहून अधिक दप्तरदार असण्याचाही संभव आहे. व्यवसायाने तो बहुधा संगणकाच्या क्षेत्रातला, वयाने पन्नाशीला टेकलेला आणि संस्काराने कुळकर्णी. म्हणजे ज्याच्या पणजोबांनी गावच्या जमाबंदीचे कागद सांभाळले, सरकारी सारा आणि रयतेकडील बाकी यांचा मेळ घातला, आणि त्या मेळात स्वतःचाही थोडाफार मेळ बसवून घेतला, अशा घराण्यातला. पुढे वतने खालसा झाली, जमिनी कुळांकडे गेल्या, पण खतावणी लिहिण्याची ती वंशपरंपरागत खाज काही गेली नाही. ती समुद्र ओलांडून आली आणि येथे तिला अमेरिकन हायस्कूल सापडले.

अमेरिकन हायस्कूल म्हणजे पोरखेळ, तेथे मुले चेंडू खेळतात आणि नाचाला जातात, असा ज्यांचा चित्रपट पाहून ग्रह झाला असेल त्यांनी तेथून उत्तीर्ण होण्याच्या अटी एकदा वाचाव्यात. आपल्याकडे दहावीचे बहुतेक विषय बोर्डच नेमून देते, परीक्षा घेते, आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी निकाल लावून मोकळे होते. येथे नववी ते बारावी अशी चार वर्षे विद्यार्थ्याने विषय निवडायचे, प्रत्येक विषयाची क्रेडिटे आपल्या खाती जमा करायची, आणि न्यू जर्सी राज्याच्या नियमाप्रमाणे किमान १२० क्रेडिटे भरल्याखेरीज डिप्लोमा मिळायचा नाही. बरे, ती कोणतीही १२० चालत नाहीत. इंग्रजीची २०, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी १५, आणि त्यातल्या सामाजिक शास्त्रांत अमेरिकेचा इतिहास दोन वर्षे, परभाषेची ५, कलेची ५, व्यवसायशिक्षणाची ५, आर्थिक साक्षरतेची अडीच, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाची दर वर्षी पावणेचार. वर्षभराच्या विषयाला ५ आणि सहामाही विषयाला अडीच, असा सर्वसाधारण दर. शिवाय अकरावीत राज्याची इंग्रजी व गणिताची परीक्षा, ती निराळीच.

ही फर्द प्रथम हाती पडली तेव्हा दप्तरदारांच्या मुखावर जे तेज आले, ते आपण लग्नाच्या दिवशीही पाहिले नव्हते, असे वहिनी सांगतात. इतर पालक पावणेचारपाशी अडखळले. एका मेकॅनिकल इंजिनियराने तर खिशातून फोन काढून गुणाकार केला. दप्तरदारांच्या आजोबांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे सारे पाढे सातारा जिल्ह्यातल्या वाड्याच्या माडीवर दिवेलागणीला घोकून घेतले होते, आणि त्या विद्येचा उपयोग काय हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे उत्तरावाचून पडून होता. 'पावणेचार चोक पंधरा!' असे ते त्या क्षणी इतक्या मोठ्याने उद्गारले, की शाळेच्या सभागृहात पुढच्या रांगेतली एक गोरी बाई दचकून मागे वळली. आजोबांचे ऋण फिटले.

त्यांच्या व्यासंगाची खोली मला एका डोहाळजेवणात कळली. पंक्तीला बसल्यावर शेजारच्या माणसाशी पावसापाण्याच्या गोष्टी कराव्यात, तर हे मला क्रेडिटाचा मूळपुरुष सांगू लागले. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी या पोलादवाल्या धनिकाने प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. परंतु पेन्शन कोणत्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला द्यायचे हे ठरवायचे तर महाविद्यालय कशाला म्हणावे हे आधी ठरवणे प्राप्त झाले, आणि तेथून असा दंडक निघाला की हायस्कुलातल्या शिक्षणाची १४ युनिटे जे प्रवेशासाठी मागेल तेच खरे महाविद्यालय. युनिट म्हणजे एका विषयाचा वर्षभरात सुमारे १२० तास अभ्यास. 'म्हणजे बघा,' दप्तरदार मठ्ठ्याची वाटी बाजूला सारीत म्हणाले, 'आमच्या पोरीने भूमिती किती तास शिकायची, हे एका मास्तराच्या पेन्शनीवरून ठरले!' सरकारी नोकरी आणि पेन्शन ही ज्या समाजाची कुलदैवते, त्या समाजातल्या माणसाला या कथेने गहिवर यावा हे साहजिकच होते. माझे मात्र श्रीखंड राहिले.

आता कोणी म्हणेल, राज्याने घातलेल्या अटी पुऱ्या झाल्या की काम संपले. पण १२० क्रेडिटे ही सामान्य रयतेची बाब. दप्तरदारांची कन्या १५० च्या पलीकडे जाणार हे तिच्या बारशालाच मुक्रर झाले होते. त्यांचे खरे रणक्षेत्र निराळे. येथे विषयांना प्रत असते: साधा, ऑनर्स आणि एपी, म्हणजे कॉलेज बोर्डाचा 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' अभ्यासक्रम, ज्याची परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५ मिळतात. पुष्कळ शाळांत जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, काढताना एपीच्या विषयातील 'ए'ला साध्या विषयातील 'ए'पेक्षा अधिक वजन देतात. आणि मग अशी चमत्कारिक अवस्था उत्पन्न होते की, ज्या मुलीला व्हायोलिन उत्तम येते आणि जी वाद्यवृंदात निष्कलंक 'ए' मिळवते, तिची सरासरी त्या 'ए'मुळेच खाली येते. हा हिशेब दप्तरदारांनी तीन दशांश स्थळांपर्यंत करून दाखवला, आणि त्या व्हायोलिनवादक मुलीच्या आईने घरी जाऊन व्हायोलिन माळ्यावर टाकले. शाळेने विद्यार्थ्यांचे क्रमांक जाहीर करणे कधीच बंद केले आहे. पण दप्तरदार ते अंदाजाने काढतात, आणि मागितले तर सांगतात. न मागितले तरी सांगतात.

गणिताच्या बाबतीत त्यांचा तगादा सहावीपासून सुरू होतो. आठवीपूर्वीच बीजगणिताची पहिली पायरी ओलांडली पाहिजे, म्हणजे मग भूमिती, दुसरे बीजगणित, प्रीकॅल्क्युलस अशा क्रमाने अकरावीत कॅल्क्युलस पदरात पडते. आणि ज्याने भूमिती उन्हाळ्यात उरकली नाही त्याचे पुढचे सारे आयुष्य एका वर्षाने मागे पडते, अशी त्यांची श्रद्धा आहे. बालवाडीतल्या मुलाचा बाप त्यांना कौतुकाने म्हणाला, 'आमचा आता शंभरपर्यंत मोजतो.' दप्तरदारांनी गंभीर चेहऱ्याने विचारले, 'पूर्ण अंकच का?'

शारीरिक शिक्षणापुढे मात्र त्यांनी हात टेकले. न्यू जर्सीच्या कायद्याने आरोग्य आणि व्यायाम यांना आठवड्याला १५० मिनिटे दिलेली आहेत, आणि ती हायस्कुलाच्या सर्व वर्षांत. त्यातून सुटका नाही. इतक्या मिनिटांत रसायनशास्त्राची किती प्रकरणे झाली असती, याची त्यांनी एक तक्ता करून कैफियत मांडली. शाळेने ती दाखल करून घेतली आणि कन्येला बॅडमिंटनच्या गटात घातले. तेथे ती बरी खेळते, असे पुढे त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी प्रथम चौकशी केली ती बॅडमिंटनने महाविद्यालयीन प्रवेशाला काही उपयोग होतो काय याची.

याच गृहस्थांचे दुसरे रूप गुढीपाडव्याला मंडळाच्या व्यासपीठावर दिसते. रेशमी कुर्ता, खांद्यावर उपरणे, आणि 'आपली मायबोली आपणच टिकवली पाहिजे' या विषयावर ओघवते भाषण. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हटले, 'अहो, परभाषेच्या क्रेडिटांऐवजी एखाद्या भाषेतले प्रावीण्य सिद्ध केले तरी चालते, अशी नियमातच सोय आहे. मुलगी आजीशी फोनवर तासतास मराठी बोलते. मराठीच का दाखवत नाही?' त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा वैद्य असाध्य रोग्यासाठी राखून ठेवतो. 'एपीत स्पॅनिश आहे, फ्रेंच आहे, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आहे, लॅटिनसुद्धा आहे,' ते म्हणाले. 'मराठी नाही. मराठीला वजन नाही हो.' लॅटिनमध्ये आजीशी बोलणारी नात जगात उरलेली नसताही लॅटिनला वजन आहे, हे माझ्या मनात आले. पण तेवढ्यात त्यांना आभारप्रदर्शनासाठी पुकारले. मुलगी स्पॅनिश शिकते. चांगली शिकते.

फेब्रुवारी हा त्यांचा हंगाम. पुढील वर्षाचे विषय मुक्रर करण्याची मुदत जवळ आलेली असते, शाळेने काढलेले अभ्यासक्रमांचे जाडजूड पुस्तक जेवणाच्या मेजावर उघडे पडलेले असते, आणि त्याच्या भोवती निळ्या, हिरव्या व केशरी चिठ्ठ्या लावलेली त्यांची खतावणी: एका बाजूस राज्याच्या अटी, दुसऱ्या बाजूस जमा, मध्ये बाकी, आणि समासात त्यांच्या आडव्या अक्षरातले शेरे. असल्याच एका संध्याकाळी मी तेथे होतो. कन्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून आईने मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्याने त्याला खळगा पाडीत होती. कडा चिमटीने पातळ करीत, फिरवीत, पुन्हा पातळ करीत तिने बघता बघता एक लहानशी वाटी घडवली, पाटावर ठेवली, आणि बापाच्या आवाजाकडे पाठ करून दुसरी करायला घेतली. 'कलेची ५ क्रेडिटे,' दप्तरदार वाचत होते, 'एपी म्युझिक थिअरीत भागतात. वजनही मिळते.' 'बाबा, सिरॅमिक्स आहे,' ओट्याकडून आवाज आला. 'सिरॅमिक्स साधा विषय आहे,' बाबा म्हणाले, आणि पान उलटले.

शाळेच्या काउन्सेलर बाई सहनशील आहेत. एका काउन्सेलराकडे २५० च्या वर विद्यार्थी असू नयेत अशी त्यांच्या व्यावसायिक संघाची शिफारस आहे; त्या शिफारशीत दप्तरदार किती विद्यार्थ्यांच्या बरोबरीचे धरावेत याचा खुलासा नाही. भेटीला कन्येपेक्षा बापच अधिक बोलतो हे पाहून बाईंनी एकदा मधेच विचारले, 'तिला स्वतःला काय आवडतं?' दप्तरदारांनी आपली फर्द वरपासून खालपर्यंत न्याहाळली. तसा रकाना नव्हता. 'ते परिशिष्टात देतो,' ते म्हणाले. आणि खरोखरच आठवड्याभरात ते परिशिष्ट टंकलिखित होऊन बाईंच्या दप्तरी रुजू झाले. त्यात पहिली आवड गणित ही होती आणि दुसरी गणिताशी संलग्न विषय ही होती.

आणि मग बारावीच्या आरंभी, सप्टेंबरात, शाळेने नित्याप्रमाणे सर्वांच्या क्रेडिटांची पडताळणी केली, तेव्हा बाईंचे एक सौम्य पत्र घरी आले. चालू वर्षाचे विषय धरून एकूण क्रेडिटे १५० हून अधिक, एपीचे विषय वाखाणण्याजोगे, अभिनंदन. मात्र आर्थिक साक्षरतेची अडीच क्रेडिटे खाती दिसत नाहीत, सबब डिप्लोमा देता येणार नाही.

त्या रात्री मेजावर चारही वर्षांची खतावणी पसरली. चूक नववीच्या पानावर सापडली. आर्थिक साक्षरतेच्या ओळीपुढे त्यांच्याच हस्ताक्षरात शेरा होता, 'घरीच शिकवू', आणि शेऱ्यापुढे एक ठसठशीत बरोबरची खूण. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी ताळेबंद करताना ती खूण पाहून त्यांनी रक्कम जमा धरली होती. पणजोबांच्या काळी असली मखलाशी कदाचित खपून गेली असती. कलेक्टर घोड्यावरून यायचा, कागद वाचायला त्याला सवड नसायची. काउन्सेलर बाईंच्या संगणकाला घोडा नाही.

उपाय एकच होता. एपी स्टॅटिस्टिक्स हा वर्षभराचा विषय काढून पहिल्या सहामाहीत आर्थिक साक्षरता घालणे. परंतु मग दुसऱ्या सहामाहीचा तास मोकळा राहिला, आणि एपीचा कोणताही विषय तेथून सुरू होत नाही. त्या तासाला जागा शिल्लक असलेला सहामाही विषय बाईंनी शोधून काढला, तो सिरॅमिक्स.

'बाबांची ती खूण मी नववीतच पाहिली होती, काकू,' असे कन्येने पुढे माझ्या पत्नीला सांगितले. 'मी बोलले असते तर त्यांनी तो विषय उन्हाळ्यात उरकून टाकला असता.' तीन वर्षे तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. कुळकर्ण्यांचे रक्त वाया जात नाही.

आर्थिक साक्षरतेच्या वर्गात पहिला गृहपाठ मिळाला तो घरखर्चाचे अंदाजपत्रक तयार करण्याचा. तिने ते वडिलांपुढे ठेवले. घराचे हप्ते, किराणा, विमा, मोटार. आणि एका रकान्यात गणिताची शिकवणी, एसएटीची शिकवणी, उन्हाळी भूमिती, निबंध तपासणारा सल्लागार, परीक्षांच्या फिया, अशी किराण्याहून मोठी एक बेरीज. 'हा आकडा चुकला आहे,' दप्तरदार म्हणाले. तिने त्यांचीच खतावणी उघडून पावत्यांच्या पानावर बोट ठेवले. ते बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिले, ओठ हलवून त्यांनी ती दोनदा ताडून पाहिली, आणि मग चष्मा वर सरकवून विचारले, 'या विषयाला ऑनर्स नाही का गं?'