इंजिन निसानचं आहे

निसानकाका तुमच्याही सोसायटीत असतील. रोज सकाळी गाडीवरचं कव्हर काढतात, गाडी पुसतात, पुन्हा कव्हर घालतात, आणि मधल्या वेळात ती कुठेही नेत नाहीत. विचारलं, की एकदम उत्साहाने बॉनेट उघडतात. म्हणून विचारायचं नसतं.

आमच्या मुलुंडच्या निसानकाकांकडे निसान नाही. त्यांच्याकडे प्रीमियर वन-एटीन एनई आहे. बिस्किटी रंगाची, सगळीकडून चौकोनी. चौथीतल्या मुलाला ‘गाडी काढ’ म्हटलं की तो पट्टी घेऊन जी काढतो, ती. पाहुणे तिला ‘फियाट’ म्हणतात. जरा जाणकार पाहुणे ‘पद्मिनीच ना ही?’ म्हणतात. मग काका डोळे मिटतात, एक श्वास घेतात आणि सांगतात, ‘‘इंजिन निसानचं आहे.’’

एनईचा अर्थच मुळी निसान इंजिन. ११७१ सीसी. हे मला कोणी शिकवलेलं नाही, जिन्यात ऐकून ऐकून पाठ झालंय. १९८५ साली प्रीमियरने ही गाडी आणली, तेव्हा मारुती ८०० येऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती. जमिनीतून वर आलेला गिअर, जपानी इंजिन, ऐसपैस डिकी असा तिचा थाट होता. काका तेव्हा बँकेत होते. त्यांनी नंबर लावला, वाट पाहिली आणि गाडी दारात आली त्या दिवशी पेढे वाटले. त्या पेढ्यांबरोबरही लोकांना तेच वाक्य मिळालं असणार.

पुढे ते वाक्य गाडीपुरतं उरलं नाही. लिफ्ट अडकली, तर काका आतून ओरडतात, ‘‘मोटर कुठली आहे बघा आधी!’’ तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींची अँजिओप्लास्टी झाली. काका भेटायला गेले, नारळपाणी दिलं आणि धीर देत म्हणाले, ‘‘बॉडीचं काय, ती झिजायचीच. इंजिन चांगलं पाहिजे.’’ जोशीवहिनी त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दसऱ्याला बाकीचे स्टिअरिंगला हळदकुंकू लावतात, बंपरला झेंडूचा हार घालतात. काका बॉनेट उघडून ठेवतात आणि भटजींना सांगतात, ‘‘इथे अक्षता टाका, देव इथे आहे.’’ गेल्या वर्षी भटजी वैतागून म्हणाले, ‘‘माहीत आहे हो, निसानचा आहे.’’

बाकी गाडीचं कूळ ते निवांत सांगतात. मूळ अवतार फियाट १२४, तुरीनचा, साल १९६६. दुसऱ्याच वर्षी युरोपातली ‘कार ऑफ द इयर’. मग ती स्पेनमध्ये सेआट कंपनीकडे गेली, तिथे जुजारो नावाच्या इटालियन डिझायनरने तिचा चेहरामोहरा बदलला, आणि तिथले साचे प्रीमियरने घेतले. रशियातली लाडा हीसुद्धा त्याच घराण्यातली. टीव्हीवर मॉस्कोची बातमी चालू असताना मागून एखादी जुनी लाडा गेली, की काका ताटावरून उठतात. ‘‘चुलतबहीण!’’ काकू शांतपणे आमटी वाढत म्हणतात, ‘‘माझ्या चुलतबहिणीचं नाव विचारा यांना.’’

काकूंचा दिवाण मी एकदा पाहिलाय. पैठणीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन टेललॅम्प होते. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्या आणि कुर्ल्याचं भंगार यांत काकांचे शनिवार गेले. मिळालेली वस्तू लागेलच असं नाही, पण पुन्हा मिळणार नाही हे नक्की. म्हणून ती घ्यायची.

एका जुलैत घाटकोपरला एलबीएस मार्गावर ही गाडी बंद पडली. मी भर पावसात मागून ढकलत होतो. काकांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. ‘‘काळजी करू नका, इंजिन निसानचं आहे!’’

‘‘मग मी ढकलतोय ते काय आहे?’’

‘‘बॉडी. ती स्पेनची. आणि पॉइंटमध्ये पाणी गेलंय, त्यात इंजिनाचा काय दोष?’’

दोष इंजिनाचा कधीच नसतो. दोष स्पेनचा असतो, वायरिंगचा असतो, रॉकेलच्या भेसळीचा असतो. सुनेने घेतलेल्या नव्या ऑटोमॅटिक गाडीचा तर असतोच.

पण त्यांचं खरं दुखणं पद्मिनी. २०२३च्या ऑक्टोबरात काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले. काकांनी ते कात्रीने कापले आणि रद्दीत टाकले. ‘‘तिला निरोप, हिला साधा रामराम नाही.’’ आणि यात ते अगदीच चूक नाहीत. अँबॅसडरला मंत्री मिळाले, कॉन्टेसाला सिनेमातले खलनायक, पद्मिनीला अख्खी मुंबई. पद्मिनीत बसून लग्नाचे फोटो काढायला हल्ली भाडं मोजतात. वन-एटीनला कोण मिळालं? बँकेतले अधिकारी, इंजिनिअर, लहान गावातले डॉक्टर. हप्ते वेळेवर भरणारी, हॉर्न कमी वाजवणारी माणसं. अशा माणसांवर कोणी सिनेमा काढत नाही, आणि त्यांच्या गाड्यांवरही नाही.

सोसायटीच्या बैठकीत दरवर्षी ‘जुन्या, न वापरत्या गाड्या’ हा विषय निघतो. अनेकवचन सौजन्यापोटी, गाडी एकच आहे. ठराव मांडतो बी विंगमधला एक तरुण, ज्याची जर्मन एसयूव्ही दोन गाड्यांची जागा खाते. हाच तरुण रात्री साडेअकराला खाली येऊन कव्हर वर करतो आणि मोबाइलच्या उजेडात डॅशबोर्ड बघत बसतो, हे वॉचमनने मला सांगितलं. एकदा त्याने काकांना हळूच विचारलं, विकायची का म्हणून. काका म्हणाले, ‘‘ठराव मागे घे, मग फेरी मारायला देतो.’’ यंदा विषयपत्रिकेवर फक्त पाण्याची टाकी होती.

नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२च्या एप्रिलात ६०० रुपयांवरून ५००० झाली. वर पर्यावरण कर. काकांनी निमूट भरली. पेन्शनीतली माणसं किती निमूटपणे किती पैसे भरतात, याचा हिशोब सरकारकडे असावा.

गेल्या महिन्यात त्यांनी मला आग्रहाने गाडीत बसवलं. आता सांगायलाच हवं, तर गाडी बरी चालते. काचा मोठ्या, खांब बारीक. हल्लीच्या गाड्यांत भोकातून बघितल्यासारखं वाटतं, इथे आख्खा एलबीएस मार्ग मांडीवर येतो. इंजिनही एका लयीत बोलत राहतं. यापुढे कौतुक करणार नाही, कारण काका हे वाचतील.

कुर्ल्याला त्यांनी गाडी डावीकडे घेतली. जिथे प्रीमियरचा कारखाना होता तिथे आता टॉवर आहेत. काका सरळ एका गेटवर गेले. वॉचमनने शिट्टी वाजवली.

‘‘किधर जाना है?’’

‘‘कहीं नहीं. इधर फॅक्टरी थी. ये उसी कंपनी की गाडी है.’’

वॉचमनने गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि रजिस्टर पुढे केलं. ‘‘फ्लॅट नंबर?’’

‘‘फ्लॅट नंबर नहीं है,’’ काका म्हणाले. ‘‘चॅसिस नंबर है. चलेगा?’’

चाललं नाही. मागे तीन गाड्यांनी हॉर्न धरले. काका गाडी वळवायला लागले. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे हे काम बराच वेळ चालतं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी काच खाली करून वॉचमनला इंजिन कुठलं आहे ते सांगून घेतलं.