ऋण चढ

मे महिन्यात मंडणगडला आमच्या घरी दोघं हमखास येतात. घर शाकारायला सुतारअण्णा आणि सुट्टीला डोंबिवलीची भाची. यंदा दोघं एकाच दिवशी आली.

भाची दहावीत जाणार. पडवीत टेकायच्या आत तिने वही पुढे केली. "मामा, 3क्ष + 2य = 12. चढ सांग."

"तीन," मी म्हणालो. माझ्या दहावीतही मी हेच लिहिलं होतं आणि तेव्हाही भोपळाच मिळाला होता. माणसाने सातत्य ठेवावं. भाचीने 'य'ला एकट्याला डावीकडे बसवलं: य = −(3/2)क्ष + 6. "चढ उणे दीड. आणि क्ष शून्य धरला की य सहा, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला सहावर छेदते."

उणे चढाला पुस्तकात 'ऋण चढ' म्हणतात. आमच्याकडे ऋण चढतं ते सोसायटीचं. खाली जाणाऱ्या रस्त्याला आम्ही सरळ उतार म्हणतो. म्हाप्रळच्या खाडीवरून मंडणगडला येताना चढ, जाताना उतार, एसटी तीच. गणितवाल्यांनी मात्र कायम डावीकडून उजवीकडेच जायचं ठरवलंय. परतीचं तिकीट नाही.

त्या चढाला 'एम' का म्हणतात? फ्रेंचमध्ये 'माँते' म्हणजे चढणे, त्यावरून, असं भाचीने कुठेतरी ऐकलं होतं. पण फ्रेंच पोरं त्या जागी बऱ्याचदा 'ए' लिहितात, आणि 1637 साली ही भूमिती छापणाऱ्या देकार्तनेही चढासाठी 'एम' वापरला नव्हता. 1844 सालच्या मॅथ्यू ओब्रायनच्या इंग्रजी पुस्तकात तो आहे. का, ते कुणालाच पक्कं ठाऊक नाही. जागा रिकामीच आहे, तर 'एम' मंडणगडाचा, असा माझा दावा.

"पोरी," वरून अण्णा म्हणाले, "आढं सोळा फुटांवर. फुटाला सहा इंच उतार. पागोळी आढ्यापासनं वीस फुटांवर. आता खालून उंची किती, सांग."

भाचीने लिहिलं: य = 16 − क्ष/2. "सहा फूट!"

अण्णांनी टेप सोडला. सहा फूट. पेन्सिल कानावर ठेवत ते मला म्हणाले, "उतार काय, कुणी पण काढील. आधी आढं बघायचं. ते दोन बोटं खाली बसलं की सगळं छप्पर दोन बोटं खाली."

म्हणजे मी जन्मभर चढाला घाबरलो आणि आढ्याकडे पाहिलंच नाही.

पागोळी विसावर पडणार हे आता गणितानेच सिद्ध झालेलं. मी आरामखुर्ची अठरावर मांडली. जूनच्या पहिल्या पावसात समुद्राकडून वारा सुटला आणि झड पार पंधरापर्यंत आत आली. भाची तोवर डोंबिवलीला गेली होती. अण्णा हसले आणि पडवीला झापं बांधून गेले.

आरामखुर्ची सध्या माजघरात वाळते आहे.