उपेक्षितांचे कैवारी

संध्याकाळी भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये अस्सी फूट रस्ता सोडून आतल्या गल्लीत शिरलं, की कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची भांडणं आणि भाजीवाल्याचा भोंगा या सगळ्यांवर ताण करत एका खिडकीतून लॅटिनमध्ये देवाचा धावा ऐकू येतो. ती खिडकी काकांची. काका भेलमधून निवृत्त झालेले. जन्मभर ट्रान्सफॉर्मर केले, आता बरोक ऐकतात. म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपातलं संगीत, आणि त्यातही चर्चमध्ये समूहाने गायचं. पण बाख नाही आणि हँडलही नाही. "त्यांचं छान चाललंय की," काका म्हणतात, "त्यांना माझी काय गरज?"

निवडणुकीत ज्याची अनामत जप्त होणार त्यालाच नेमाने मत देणारी माणसं असतात, त्या जातकुळीतले काका. संगीतकार पारखताना ते आधी सूर बघत नाहीत, सर्व्हिस रेकॉर्ड बघतात. त्यांचं आराध्यदैवत यान डिस्मास झेलेन्का. हा ड्रेस्डेनच्या दरबारात खर्जातलं तंतुवाद्य वाजवायचा. मुख्य संगीतकार हायनिखेन आजारी पडला तेव्हा त्याचं काम यानेच ओढलं. १७२९ साली हायनिखेन वारला, झेलेन्काने रीतसर अर्ज केला आणि जागा मिळाली हासेला. "चार्ज सांभाळायचा एकाने आणि ऑर्डर निघायची दुसऱ्याच्या नावाने!" हे सांगताना काकांचा आवाज असा चढतो, की ऐकणाऱ्याला ड्रेस्डेन भेलच्या गोविंदपुऱ्यातच आहे असं वाटावं. काकू आतून म्हणतात, "यांचं प्रमोशन अडलं, तेव्हापासून हे मेलेल्या जर्मनांच्या फायली उघडून बसलेत." झेलेन्का जर्मन नव्हे, बोहेमियातला, अशी दुरुस्ती काका तिथल्या तिथे करतात. प्रमोशनबद्दल बोलत नाहीत.

बीबरच्या 'मिस्सा साल्झबुर्गेन्सिस'वरही त्यांचा फार जीव. त्रेपन्न स्वतंत्र ओळींची ही अवाढव्य रचना. तिचं हस्तलिखित एकोणिसाव्या शतकात साल्झबुर्गच्या एका भाजीवाल्याकडे सापडलं. पुडे बांधण्यातून ते थोडक्यात वाचलं, असं सांगतात. पुढे कितीतरी वर्षं ती रचना बेनेव्होली या भलत्याच माणसाच्या नावावर राहिली. "ड्रॉइंग आपलं, सही साहेबाची," काका म्हणतात. पण न्यायाच्या बाबतीत ते पक्के. ड्रेस्डेनमधलं 'दीक्सित दोमिनुस' नावाचं एक स्तोत्र गालुप्पीचं म्हणून ठेवलेलं होतं, ते २००५ साली विवाल्डीचं ठरलं. जगाला आनंद झाला. काका मात्र गालुप्पीसाठी हळहळले. "विवाल्डीला काय कमी होतं? गरिबाच्या खात्यातून एक काम गेलं!"

अशा रचनांच्या नव्या सीडीवर 'जगातील पहिले ध्वनिमुद्रण' असं छापलेलं असलं, की काका भिंग घेऊन आधी पुस्तिका वाचतात, चहा निवतो. हे किती जिकिरीचं काम आहे ते त्यांच्याकडूनच ऐकावं. गायक-वादकांचे कागद बहुधा सुटे असतात. ते जुळवून सबंध संहिता उभी करायची, नकलाकाराच्या चुका काढायच्या, आतड्याच्या तारांची वाद्यं आणि ती वाजवणारे हात मिळवायचे, आणि मग अडीचशे-तीनशे वर्षं गप्प असलेली रचना चार-पाच दिवसांत मुद्रित करायची. प्रागच्या 'कोलेजियम १७०४'ने वात्स्लाव लुक्सच्या हाताखाली झेलेन्कासाठी हेच केलं. इतकं करून ती सीडी विकत घेणार कोण? काका. निदान अशोका गार्डनपुरते तरी तेच.

त्यांना घोळात घ्यायचं तर गोव्याचा विषय काढावा. १६६३ साली एका कार्मेलाइट पाद्र्याने जुन्या गोव्यात, बॉम जेझू चर्चमध्ये, सात गायकवृंदांचं गाणं ऐकलं. रचना रोमच्या कारिसिमीच्या, आणि कारिसिमी तेव्हा हयात होता. "इकडे लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली, त्याच वर्षी!" काका टाळी मागतात. द्यावी.

फक्त ग्राउपनरचं नाव काढू नये. लाइपझिगची संगीतप्रमुखाची जागा १७२३ साली त्याला मिळत होती, पण डार्मस्टाटच्या अधिपतीने त्याला सोडलं नाही, पगार वाढवून ठेवून घेतलं, म्हणून ती बाखकडे गेली. चौदाशेच्या वर कँटाटा लिहिल्या त्याने. "असतील. इन्क्रिमेंट घेऊन बसलेला माणूस उपेक्षित कसला?"

परवाच्या कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध व्हायला वेळ होता, म्हणून कुणीतरी काकांना काहीतरी लावायला सांगितलं. त्यांनी झेलेन्काचं डी मेजरमधलं 'माग्निफिकात' लावलं. बाखने यातलं 'आमेन' थोरल्या मुलाकडून उतरवून घेतलं होतं, ही प्रस्तावना कुणी ऐकली नाही. पण शेवटचं 'आमेन' सुरू झालं, एकामागून एक आवाज त्यात शिरू लागले, तशी पोरं चार टोळ्या करून एकमेकांच्या पाठोपाठ 'आऽऽमेन' घेऊ लागली. वहिन्यांनी ते पुन्हा लावायला लावलं. सकाळी दूधवाला तीच तान गुणगुणत आला. शेजारचा मुलगा म्हणाला, "अंकल, लिंक भेजो ना, रिंगटोन बनानी है."

काकांनी लिंक पाठवली आणि दार लावून घेतलं. झेलेन्काला न्याय मिळाला होता. काकांच्या दृष्टीने तो गेलाच. आठवडाभर खिडकीतून काही ऐकू आलं नाही. काकू काळजीत पडल्या. मग एका संध्याकाळी पुन्हा गाणं ऐकू आलं, पण लॅटिन नव्हे, जर्मन. विचारलं, तर काका पुस्तिकेतून मान वर न करता म्हणाले, "ग्राउपनर. मेल्यावर वारस आणि दरबार यांच्यात त्याच्या हस्तलिखितांवरून कज्जा लागला, तो १८१९ पर्यंत चालला. पगार वाढला म्हणून काय झालं? कोर्टात सडलाच ना बिचारा!"