टक्करवीर जोडीस खुले पत्र

पुणतांबा, ता. राहाता

एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया-3 या जहाजांस,

ज्यांची समाधी आमच्या गावात आहे, त्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरेच पत्र धाडले होते. मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना. तुमच्या बाबतीत आमचीही तीच पंचाईत. एकीवर पनामाचा झेंडा, दुसरीवर सेंट किट्सचा, आणि धडक मात्र मुंबईच्या तोंडाशी!

7 ऑगस्ट 2010. एवढा थोरला समुद्र पडला असताना तुम्ही नेमक्या एकमेकींनाच गाठलेत, अभिनंदन. खलिजियाबाई, जुलैतच तुमचा एक अपघात झाला होता. सराव मोडू दिला नाहीत. चित्राबाई, तुमची दानत तर काय सांगावी! सुमारे 800 टन तेल ओतलेत. तिवरांची मुळे चिखलातून डोके वर काढून श्वास घेतात, त्यांच्या नाकातोंडाला लेप लावलात. तवंगावर रसायन फवारले की तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात. वर दिसेनासे होतात, खाली कालवे-शिंपल्यांच्या पोटात जातात. पाहणाऱ्यांना समुद्र स्वच्छ दिसला, म्हणजे झाले.

तुमच्या सामानात कीटकनाशकेही होती, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडसुद्धा. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरतात, त्याची आम्हाला ओळख आहे. ओल लागली की त्यातून विषारी फॉस्फिन सुटतो. म्हणून आम्ही ते कोरड्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही असे ठेवतो. तुम्ही ते घेऊन थेट समुद्रात आडव्या झालात.

नारळी पौर्णिमा 17 दिवसांवर होती. कोळ्यांची जाळी विणून तयार होती, पण तेलाच्या धास्तीने गिऱ्हाईकच मासळीकडे फिरकेना. 1 जून 2017 ला आमच्या गावातून शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा दूध-भाजी रोखायला ग्रामसभेपासून किती खटपट करावी लागली! तुम्ही एका धडकेत मासळीबाजार बसवलात. आमच्या पुढाऱ्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, तुमची गोदावरी वाहते पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. तुम्हाला आमच्या तेलाचे काय? खरे आहे. पण दुसऱ्याच्या पापाने हंगाम बुडणे आणि पंचनाम्याची वाट पाहत बसणे, यात आमची हयात गेली आहे.

तुमचा कित्ता गिरवायला वारसही लगेच मिळाला. 4 ऑगस्ट 2011 रोजी एमव्ही राक 60 हजार टन कोळसा आणि पोटातल्या तेलासह मुंबईजवळ बुडाले. संबंधित कंपन्यांनी 100 कोटी भरावेत, असा निकाल राष्ट्रीय हरित लवादाने दिला तो 2016 साली. पाच वर्षे! तेवढ्यात कोळ्याची होडी सावकाराकडे जाते.

तेव्हा तुमच्या मालकांना आणि आमच्या सरकारला एकच सांगणे: तेल सांडले की त्याच हंगामात पंचनामा करा, भरपाई कोळ्याच्या हाती द्या, आणि कोर्टात काय भांडायचे ते नंतर भांडा.

आपला,
पुणतांब्याचा एक शेतकरी