गळ्यातली माशी

शाळेत मास्तर ज्याला 'दगड' म्हणायचे, तो मी. प्राचीन सुमेरमध्ये जन्मलो असतो तर घरी येऊन पेढेच मागितले असते. कारण तिथे दगडाला भारी भाव. तैग्रिस-युफ्रेटिसच्या त्या सपाटीत गाळ, बोरू आणि खजूर हवे तेवढे. पण कुत्र्याला भिरकवायला धोंडा मिळायची मारामार. घर मातीचं, हिशेबाची वही मातीची, पूर्वी तर विळासुद्धा भाजक्या मातीचा! दगड यायचा परमुलखातून. निळाशार लाजवर्द तर पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून, 2000 किलोमीटरहून जास्त वाट तुडवत.

एवढ्या लांबून आलेल्या तुकड्याचं काय करायचं? बसलेला बैल कोरावा, मेंढी कोरावी, हे पटतं. बेडूकही चालवून घेऊ. पण सुमेरच्या ऊर शहरातल्या कबरींतून पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला ज्या चिमुकल्या वस्तू मिळाल्या, त्यांत लाजवर्दची चक्क माशी आहे. मिटलेले पंख, आणि दोरा ओवायला इवलंसं भोक. आपल्याकडे लाडक्याला गळ्यातला ताईत म्हणतात. त्यांच्याकडे ताईतच घोंगावणारा.

तशी माशीची तिथे वट होती. इनाना देवी पाताळातून परतते त्या सुमेरियन कथेत तिच्या नवऱ्याचा, दुमुझीचा, ठावठिकाणा तिला सांगते ती माशीच. बदल्यात तिला वर मिळतो, बिअरच्या गुत्त्यात वावरायचा! कुणीही हाकललं तरी ती परत का येते, याचा एवढा सोपा खुलासा मी दुसरा वाचलेला नाही. तिच्याकडे परवाना आहे.

इसवीसनापूर्वी 2600च्या सुमाराची ऊरची राणी पुआबी मात्र या भानगडीत पडलेली दिसत नाही. तिच्या कबरीत उजव्या हाताशी ताईत मिळाले ते मासोळ्यांचे, दोन सोन्याचे नि एक लाजवर्दचा. शिवाय बसलेल्या हरणांची सोन्याची जोडी. ती बिअर प्यायची सोन्याच्या नळीने. वाडग्यात माशी पडण्याचा प्रश्नच नाही.

मला राहून राहून आठवतो तो कारागीर. नखाएवढा तुकडा चिमटीत धरून, कमानीने गिरमिट फिरवत बसलेला. मोठ्या मेहनतीचं काम. जरा हात चुकला की बदख्शानची खेप फुकट. एक बरं, नमुना शोधायला त्याला लांब जावं लागलं नसेल. तो आपणहून येऊन नाकावर बसला असेल. फक्त हलू नकोस म्हटलं तर ऐकत नसेल.