दुतोंड्याला किती?

डिसेंबर लागला की निफाड वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा तीन-चार अंशांवर उतरतो आणि त्या थंडीचं श्रेय आम्ही नाशिककर शहरात शेकोटीला बसून घेतो. पुण्याच्या पाहुण्यांना ‘आमच्याकडे निफाडला’ असं सांगताना छाती दोन इंच फुगते. एरवी निफाडशी संबंध द्राक्षाच्या पेटीपुरता. बर्फाच्या बाबतीत मात्र आमची धाव महाबळेश्वरच्या वेण्णा लेकपर्यंत. तिथे एखाद्या पहाटे गाडीच्या टपावर हिमकण दिसतात. त्यात बोटाने बदाम काढायचा, फोटो घ्यायचा, ऊन आलं की घरी जायचं. महाराष्ट्रातलं बर्फ हटवण्याचं एकूण काम हे असं तर्जनीने पार पडतं.

गारांची गोष्ट वेगळी. २६ नोव्हेंबर २०२३ला त्या निफाड तालुक्यात द्राक्षबागांवर पडल्या. त्या झाडायला कुणाला खराटा घ्यावा लागला नाही, बागाच झाडल्या गेल्या होत्या. त्यावर विनोद होत नाही, म्हणून पुढे जातो.

माझा भाचा मॉन्ट्रियलला असतो. तिथे हिवाळ्यात सरासरी दोन मीटर बर्फ पडतो आणि त्याचे व्हिडिओ मला इथे भर दुपारी पाहावे लागतात. आधी एक छोटं यंत्र फुटपाथ खरवडत जातं, मग मोठी यंत्रं बर्फाची रास करतात, मग एक अजस्र धूड ती रास गिळून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये थुंकतं. थुंकणं एवढं नेमकं, की आपल्याकडे त्या कलेत आयुष्य घालवलेल्या माणसांनीही बघत राहावं. काही बर्फ गटारात सोडतात, बराचसा शहरातल्या एका जुन्या दगडखाणीत नेऊन ओततात. तिथला ढीग पुढचा हिवाळा आला तरी पुरता वितळलेला नसतो.

“मामा, आधी नारिंगी पाट्या लागतात. मग सायरन वाजतो. तोवर गाडी हलवली नाही तर उचलून दुसऱ्याच गल्लीत ठेवतात.”

“सायरनचं काय सांगतोस? आमच्याकडे घंटागाडी आहे,” मी म्हणालो. घंटागाडी नाशिकनेच देशाला दिली, हे आम्ही भेटेल त्याला सांगतो. घंटा वाजली की नाशिकचा माणूस हातातला चहा टाकून डबा घेऊन धावतो, आणि गाडी नेमकी कोपऱ्यावर वळलेली असते. मॉन्ट्रियलकरांना फक्त गाडी हलवायची असते, आम्हाला स्वतःला हलावं लागतं.

पण भाच्याला खरं उत्तर द्यायचं तर गंगेपाशी जावं लागेल. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की जुन्या नाशकाच्या रस्त्यांवर जे येऊन बसतं, तो आमचा बर्फ. रंग तेवढा वेगळा.

पाणी किती सोडलं ते पाटबंधारे खातं क्युसेकमध्ये सांगतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पण हे शाळेत घोकलेला मुलगाही पुराच्या दिवशी क्युसेक विचारत नाही. तो विचारतो, “दुतोंड्याला किती?” रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचं अधिकृत मोजमाप. घोटे, गुडघे, कंबर, छाती, गळा. कंबरेला पाणी लागलं की गंगेवरच्या टपऱ्या दोरखंडासकट वर निघतात. छातीपर्यंत गेलं की भांडी बाजारात पातेली वरच्या फळीवर चढतात आणि सराफ बाजारातल्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या कमरेला लागतात. मारुतीला दोन तोंडं का, याचं माझ्यापुरतं उत्तर मला सापडलं आहे. एका तोंडाने येणारं पाणी बघायचं आणि दुसऱ्याने त्या पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढणारे आम्ही.

आमच्या वाड्यातल्या अण्णांना मात्र कुठलाच पूर पसंत पडत नाही. सप्टेंबर २००८ झाला, ऑगस्ट २०१६ झाला, ४ ऑगस्ट २०१९ झाला. अण्णा गॅलरीतून पाहतात आणि “हं, ठीक आहे” म्हणतात. त्यांनी १९६९चा पूर पाहिला आहे. वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा नारोशंकराच्या देवळावर आहे, तिला पाणी लागल्याशिवाय त्यांच्या लेखी पूर येतच नाही. बाकी सगळं म्हणजे ओल.

पूर ओसरला की गाळ राहतो, आणि गाळाला मुहूर्त असतो. पाणी गुडघ्यावरून घोट्यावर येत असतानाच दुकानदार खराटे आणि वायपर घेऊन आत उतरतात, चिखल ढवळून त्याच पाण्याबरोबर परत गंगेकडे ढकलतात. जिने आणला तिनेच न्यावा, हे तत्त्व. पाणी घोट्याखाली गेलं की मुहूर्त टळला. मग फावडं, घमेलं आणि अग्निशमन दलाचा बंब. दोन दिवस कडक ऊन पडलं तर तो गाळ फरशीशी सोयरीक करून बसतो.

बर्फाचंही तसंच आहे म्हणे. मीठ पडायला हवं बर्फाच्या आधी, निदान पहिल्या भुरभुरीबरोबर. गाड्यांनी दाबून त्याचा दगड केल्यावर मिठाचंही फारसं चालत नाही, आणि फारच गारठलं तर मीठसुद्धा हात टेकतं, मग नुसती खडी टाकतात. फरक एवढाच, की त्यांचा बर्फ कुणीही काही केलं नाही तरी एप्रिलपर्यंत बहुतेक आपोआप जातो. आमचा गाळ जात नाही, ऑक्टोबरात धूळ होऊन उडतो आणि दिवाळीच्या चिवड्यावर बसतो. तरी घाई त्यांना आणि निवांतपणा आम्हाला, हे काही मला उलगडलेलं नाही.

सराफ बाजारातला गाळ त्यातल्या त्यात नशीबवान. सोन्याचे कण निघतात म्हणून झारेकरी पेढ्यांपुढचा केरसुद्धा धुऊन काढतात. त्यामुळे तिथे चिखलाकडे तुच्छतेने बघणारा माणूस मला दिसलेला नाही. आमच्या भांडी बाजाराच्या गाळात फार तर पळी निघते, तीही शेजारच्या दुकानाची.

खरी सफाई करवून घेतो तो बुधवार. बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. २०१६चा पूर आला २ ऑगस्टला, मंगळवारी. बाजारासाठी याहून वाईट वार पुराला निवडता आला नसता. एरवी पाणी उतरलं की भाजीवाल्या मावशी आदल्या संध्याकाळीच येतात. आपल्या जागेपुरता खराटा फिरवतात, कडेला गोणपाट टाकतात आणि बसतात. चार बाय सहाचा चौकोन लख्ख, त्याच्या बाहेर एक बोटभर नाही. शेजारचा गाळ शेजारणीचा. अमेरिकेत अनेक शहरांत घरापुढच्या फुटपाथचा बर्फ घरवाल्यानेच काढायचा असा कायदा आहे, तो मावशींनी न वाचता लागू केला आहे. बॉस्टनमध्ये तर खोऱ्याने बर्फ उपसून मोकळी केलेली गाडीची जागा राखायला लोक रस्त्यात मोडकी खुर्ची ठेवतात. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमालच तो, फक्त पायांवर उभा. तिथल्या नियमाप्रमाणे खुर्चीचा हक्क बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तासांत संपतो. रुमालाचा हक्क कुणी संपवून दाखवावा.

आणि हे सगळं चालतं गाडगे महाराज पुलाच्या आसपास. गावात शिरल्यावर बाबा आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आम्ही पुलाला नाव दिलं, कीर्तनं ठेवली, खराटा मावशींकडे सोपवला.

परवा भाच्याने नवीनच माहिती दिली. स्कॉटलंडमध्ये रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्यांना नावं आहेत. एक ‘सर अँडी फ्लरी’, एक ‘स्प्रेडी मर्क्युरी’, एक ‘ग्रिटी ग्रिटी बँग बँग’. कुठली गाडी कुठे आहे, हे लोक घरबसल्या नकाशावर बघतात. हे मी वाड्यात सांगितलं आणि पस्तावलो, कारण पुढच्या पुरात जो जेसीबी येईल त्याचं नाव ठरवायला त्याच रात्री बैठक बसली. ‘गाळभैरव’ सुचलं, त्यावर भैरवाचे भक्त रागावले. चिखलातून वर येतो म्हणून कुणी ‘पंकज’ म्हणालं, पण गल्लीत दोन पंकज आहेत आणि दोघांनाही ते लागलं. अण्णा म्हणाले, “एकोणसत्तरला जेसीबी नव्हता.” हे नाव म्हणून सुचवलं की तक्रार म्हणून, ते कळलं नाही. शेवटी ‘गोदापुत्र’ वर एकमत झालं. फलकावर नाव कुणाच्या सौजन्याने टाकायचं, हा प्रश्न उरला म्हणून बैठक बुधवारवर ढकलली. बुधवारी बाजार असतो, म्हणून गुरुवारवर.